शंभराच्या आतली हवा

अंबिकाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि घरात आलेल्या नव्या वस्तूचं तर नाहीच नाही. मिक्सर आला तेव्हा त्याला कुंकू लागलं, फ्रिज आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ वाढवला गेला. मग लेकीनं दिल्लीकडून हवा मोजायचं यंत्र धाडलं, तर त्यांनी ते पाटावर बसवून ओवाळावं यात नवल कसलं? यंत्र पांढरंशुभ्र, तळहाताएवढं, एका अंगाला बारीक भोकं असलेलं. ही भोकं म्हणजे त्याचं नाक, हे ओळखून त्यांनी हळदकुंकू मुद्दाम दुसऱ्या अंगाला लावलं. पुढं जे रामायण झालं त्यात एवढी एक गोष्ट तरी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी.

मग यंत्र ठेवायचं कुठं? सईनं फोनवर सांगितलं होतं, "आई, स्वच्छ जागी ठेव. वारंवार हलवू नकोस." घरातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात सोवळी आणि कुणी हात न लावणारी जागा कोणती, हा प्रश्न त्या घरात पडतच नाही. यंत्र मागच्या खोलीत, देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या उजव्या हाताला जाऊन बसलं.

यंत्र यायला कारण होतं वरद. सईचा मुलगा, अंबिकाबाईंचा एकुलता एक नातू. दोन वर्षांमागं त्याचा श्वास असा अडकला की दवाखान्यात नाकाला नळ्या लागल्या. त्या दिवशी अंबिकाबाईंनी इथून, संभाजीनगरातून, शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला हात जोडले होते. देवा मल्हारी, लेकरू घरी येऊ दे, चंपाषष्ठीला तुझ्या दारी आणीन, तुझा भंडारा त्याच्या कपाळी लावीन. लेकरू घरी आलं. देवानं आपलं काम केलं. पण नंतरच्या दोन्ही चंपाषष्ठ्या कोरड्याच गेल्या, कारण थंडीत हवा वाईट आणि डॉक्टरांचा हुकूम असा की जिथं हवेतल्या घाणीचा आकडा शंभराच्या वर तिथं मुलाला न्यायचं नाही. रोज औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या, गुरुवार-संकष्टी न चुकवणाऱ्या बाईच्या डोक्यावर देवाचा नवस थकला होता. त्या कुणाला बोलल्या नाहीत. पण देवापुढं उभं राहताना हल्ली त्यांची नजर खाली असायची.

"यंदा यंत्र पाठवते," सई म्हणाली होती. "तिथला आकडा मला इथं फोनवर दिसेल. शंभराच्या आत राहिला तर येऊ. नक्की येऊ."

आणि पहिल्याच संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, सईचा फोन आला.

"आई! घराला आग लागलीय का?"

"शुभं बोल गं. आरती चाललीय."

"अगं, चारशे ऐंशी दाखवतंय! बाबा कुठायत? गॅस बंद करा, बाहेर पडा आधी!"

अंबिकाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. धुपाटण्यात गोवरीचा निखारा, त्यावर गुग्गुळ, ऊद, पुढं दोन उदबत्त्या आणि नुकताच विझलेला कापूर. त्या निळसर धुरात अन्नपूर्णा मंद हसत होती आणि तिच्या उजव्या हाताला यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. श्रीधरराव, म्हणजे अंबिकाबाईंचे यजमान, चष्मा सावरत आत आले आणि म्हणाले, "अगं, तू त्याला कोंडून धुरी दिलीस. आमच्या ऑफिसातल्या डासांनासुद्धा अशी कुणी दिली नव्हती."

धूप बंद झाला. हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. सासूबाईंनी हाती दिलेलं धुपाटणं अंबिकाबाईंनी घासूनपुसून फडताळात ठेवलं, तेव्हा त्यांना घरातलं माणूस दूरगावी पोचवून आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी त्या डोळे मिटून मनातल्या मनात धूप जाळू लागल्या. मानसपूजेला शास्त्राचा आधार आहेच. शिवाय मनातल्या धुराचा आकडा कुठल्या यंत्रात येत नाही.

धूप गेला, तरी आकडा दोनशेच्या खाली उतरेना. म्हणजे पाप एकट्या अंबिकाबाईंचं नव्हतं, याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि बरं वाटल्याबद्दल लगेच वाईट वाटलं. यंत्र देव्हाऱ्यातून खिडकीत गेलं. खिडकीखाली रस्ता होता. होता म्हणजे, पाण्याच्या पाइपासाठी खोदून ठेवलेला होता. मोटारसायकल गेली की धूळ पहिल्या मजल्यापर्यंत यायची, शाळेची बस गेली की दुसऱ्या, आणि वाळूजच्या कंपनीची बस गेली की गच्चीवरच्या वाळवणाला फोडणी बसायची.

बातमी सोसायटीत पसरली. सोसायटीचे चेअरमन काकासाहेब स्वतः वर आले. चितेगावला शेती, शहरात तीन फ्लॅट, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर हातात तयार उतारा असलेला माणूस.

"वहिनी, मला एक सांगा. पोरगी दिल्लीकडनं आपल्याला हवा विचारायली? म्हंजी गटांगळ्या खाणाऱ्यानं काठावरच्याला विचारायचं, बाबा तुला पवता येतंय का!"

"तिथं त्याच्या खोलीत हवा शुद्ध करायचं यंत्र लावलंय म्हणे. खोलीतली हवा चाळीस आहे."

"अन् खोलीच्या भायेर?"

"बाहेर तो नसतोच ना."

काकासाहेब जायला उठले. मग म्हणाले, "लई मनाला लावून घेऊ नका. आम्ही चुलीच्या धुरात वाढलो, काय झालं आम्हाला?" आणि यावर त्यांना जी खोकल्याची उबळ आली ती जिना उतरेपर्यंत ऐकू येत होती.

समोरच्या फ्लॅटमधली राजनंदिनी शिकलेली. ती योगाचे वर्ग घेते आणि सल्ले मागितल्याशिवाय देते. "काकू, झाडं! नुसती झाडं ठेवायची, हवा आपोआप स्वच्छ. खिडक्या सकाळी बंद, दुपारी उघड्या. गूळ खायचा. आणि काका, तुम्ही पहाटेचं फिरणं बंद करा आधी. पहाटेची हवा सगळ्यात विषारी."

पहाटेची हवा विषारी! श्रीधररावांनी तीस-पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी केली ती या एका श्रद्धेवर, की पहाटे उठणाऱ्याचं सरकारदेखील काही वाकडं करू शकत नाही. आता ते दिवसभर घरात, सोफा, जेवणाचं टेबल, बाथरूमचं दार, पुन्हा सोफा, असे फेऱ्या घालू लागले. खालच्या मजल्यावरून निरोप आला की आमच्या डोक्यावर कोण चालतंय. अंबिकाबाई औदुंबराला मास्क लावून प्रदक्षिणा घालू लागल्या. आतल्या आत स्तोत्र म्हणताना चष्म्यावर वाफ धरायची, झाड दिसेनासं व्हायचं, आणि एकदा तर त्यांनी औदुंबर समजून काकासाहेबांच्या स्कूटरला तीन फेरे घातले. स्कूटरला पुण्य लागलं की नाही ते दत्तगुरूंना ठाऊक. खोलीत राजनंदिनीच्या बारा कुंड्या आल्या. आठ दिवसांतून एकदा येणारं नळाचं पाणी आधी माणसांना की आधी कुंड्यांना, यावर नवरा-बायकोत लग्नानंतरचं पहिलं मोठं भांडण झालं. बाई मुळात मृदू बोलणाऱ्या, त्यामुळे भांडण एकाच बाजूनं ऐकू आलं.

तेवढ्यात श्रीधररावांना शत्रू सापडला. कोपऱ्यावर रोज सकाळी पालापाचोळा जळायचा. ते तडक खाली गेले. झाडणाऱ्या मावशी काठीनं पानं उकरीत होत्या.

"बाई, हे जाळू नका. कायद्यानं बंदी आहे."

"मग काय करू, साहेब? गाडी चार रोजापासून आली नाय. तुमच्या घरात ठिवू?"

हा प्रश्न उपहासानं विचारला होता. पण श्रीधरराव सरळ माणूस. त्यांनी तीन पोती पाला भरून घेतला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवला. गाडी येईल तेव्हा टाकू, असा बेत. त्यांनी पालिकेकडे मोबाइलवरून रीतसर तक्रारही केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तक्रार निकाली. सोबत एका चकचकीत रस्त्याचा फोटो, ज्यावर नारळाची झाडं होती. त्यांच्या गल्लीत नारळाचं झाड नव्हतं. इतरांना राग आला असता. श्रीधरराव मात्र तो फोटो बराच वेळ न्याहाळत राहिले, कारण अशाच सफाईनं अर्ज निकाली काढण्यात त्यांची स्वतःची हयात गेली होती. "कामाला वळण आहे पोराच्या," एवढंच ते म्हणाले.

पाला मात्र पार्किंगमध्येच राहिला. त्यात मांजर व्यायली. काकासाहेबांनी सांगून पाहिलं, मग बजावून पाहिलं, आणि एका सकाळी पिल्लं बाजूला काढून कुणीतरी तो सगळा पाला तिथंच, बरोबर अंबिकाबाईंच्या खिडकीखाली, पेटवून दिला.

"आई, तीनशे नव्वद," सईचा फोन. आवाज थकलेला.

"उतरेल गं. अजून पंधरवडा आहे."

धूळ बसवायची तर रस्त्यावर पाणी मारायला हवं, असा शोध मग काकासाहेबांनी लावला आणि मन मोठं करून स्वतः टँकर सांगितला. या शहरात पाण्याचा टँकर कुणी रस्त्यासाठी मागवतो, ही कल्पनाच मुळी इतकी अघोरी होती की ती कुणाच्या डोक्यात शिरलीच नाही. टँकर वळणावर दिसला मात्र, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांकडून हंडे, बादल्या, टब, कुकर घेऊन, एका घरातून तर चक्क गणपतीचा चौरंग उलटा करून, माणसं धावली. श्रीधरराव हात पसरून टँकरपुढं उभे राहिले.

"अहो, हे प्यायचं नाही! हे रस्त्याला आहे!"

मागच्या वस्तीतल्या चतुराबाई हंडा कमरेवर घेऊन पुढं आल्या. "रस्त्याला? रस्त्याला तहान लागली व्हय, अप्पा? अन् आमच्या लेकरांनी काय, धूळ चाटावी?"

अंबिकाबाईंनी ते वरून, खिडकीतून ऐकलं आणि त्या खाली आल्या, ते हातात स्वतःची कळशी घेऊन. ती त्यांनी चतुराबाईंच्या शेजारच्या पोरीला पाणी भरून न्यायला दिली. घटकाभरात टँकर रिकामा झाला. रस्त्यावर पाणी पडलं ते भांडणात लवंडलेल्या एका बादलीचं. मग रिकामा टँकर हलका झाल्यामुळे भरधाव निघाला, आणि त्यानं उडवलेली धूळ खाली बसायला दुपार झाली.

या सगळ्यात घरातल्या स्वयंपाकाचे हाल काय सांगावेत! फोडणी दिली की आकडा चढतो, हे यंत्रानं दाखवून दिलं होतं. तेव्हा वरण बिनफोडणीचं, भाजी वाफवलेली, पोळीऐवजी भात. श्रीधरराव एके दुपारी ताटाकडे पाहत म्हणाले, "अगं, मी आजारी आहे का? असेन तर सांग. तयारी करीन."

अंबिकाबाईंचं काळीज हललं. "थोडा ठेचा करू?"

"पण ते चोंबडं यंत्र?"

"खिडकीतनं काढा तेवढ्यापुरतं."

तवा तापला होता, मिरच्या तडतडायला लागल्या होत्या, श्रीधररावांना ठसका लागला होता. त्यांनी यंत्र उचललं आणि समोर जे दार बंद होणारं दिसलं, त्यात, दह्याच्या सटाच्या शेजारी ठेवून फ्रिज लावून टाकला. मग ठेचा झाला, भाकरी झाली, दोघांनी बऱ्याच दिवसांनी घाम येईतो जेवण केलं, मग डोळे मिटून दोघं आडवी झाली. यंत्राची आठवण कुणाला राहते?

आठवण फोननं दिली.

"आई!" सई जवळजवळ किंचाळत होती. "सात! आई, सात! कसं केलंत तुम्ही? दोन तासांपासून सात आहे!"

अंबिकाबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. श्रीधररावांनी अंबिकाबाईंकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई, मी तिकिटं काढते. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पोचतो आम्ही दोघं. ह्यांना सुट्टी नाही. वरद, आजीकडे जायचं!"

फोन ठेवल्यावर श्रीधरराव म्हणाले, "आपण एक शब्द खोटा बोललो का? जे काय बोललं ते यंत्र बोललं."

"पण फ्रिजमधून बोललं."

"तिनं विचारलं का, कुठून बोलतंय?"

यंत्र फ्रिजमध्येच राहिलं. दार उघडलं की आकडा हलतो म्हणून दूध बाहेर ठेवलं, ते नासलं. दोन दिवस अंबिकाबाई देवापुढं बसायच्या आणि जपाच्या मण्यामण्याला त्यांना सात, सात, सात असं ऐकू यायचं. ज्या देवाचा नवस फेडायचा त्याच्या दारी लेकरू आणायचं ते असं फसवून? आणि तिथं त्याचा श्वास पुन्हा अडकला तर? तिसऱ्या दिवशी पूजा अर्धी टाकून त्या उठल्या. आयुष्यात असं त्यांनी कधी केलं नव्हतं. फोन लावला.

"सई, यंत्र फ्रिजमध्ये आहे गं."

उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढचंही सांगून टाकलं.

"इथं दोनशेच्या वर आहे. तिकिटं परत कर बाई. माझं चुकलं."

"मला माहितेय, आई."

"काय माहितेय?"

"ते यंत्र तापमानपण दाखवतं. चार अंश. भर दुपारी तुमच्याकडे चार अंश कुठून येणार?" सई हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "आई, इथं आज चारशे साठ आहे. शाळा बंद. खोलीतलं यंत्र रात्रंदिवस घरघरतंय तरी खोलीतसुद्धा दीडशे झालीय. मी कुठं नेऊ त्याला? मला कुणीतरी नुसतं ये म्हणायला हवं होतं गं. खोटं तर खोटं."

अंबिकाबाई एवढंच म्हणाल्या, "ये."

सई आली. सोबत वरद, आणि वरदपेक्षा उंच असं हवा शुद्ध करायचं यंत्र. पोरगा चार-पाच वर्षांचा, डोळे मोठे, रंग कुंडीतल्या कोंबासारखा. दारात आल्या आल्या दुसरी मुलं खाऊ विचारतात, तसं त्यानं विचारलं, "आजी, तुझ्याकडे किती आहे?"

"काय रे, लाडू?"

"नाही. आकडा."

त्याला मागच्या खोलीत ठेवलं, कारण तीच एक खोली रस्त्यापासून लांब आणि दार नीट लागणारी. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. देव्हाराही त्याच खोलीत होता. समई चालणार नव्हती, दार सारखं उघडणं चालणार नव्हतं. तेव्हा अंबिकाबाईंनी त्या दिवशीची पूजा दाराबाहेर पाटावर बसून सांगितली आणि आत वरदनं केली. "आजी, सोंडवाल्याला लाल फूल दिलं. आता कुणाला?" "आता अन्नपूर्णेला, बाळा." "ती कुठली?" "जिच्या हातात पळी आहे ती." पलीकडून यंत्राची घरघर, अलीकडे त्या. असं सोवळं त्यांच्या सासूबाईंनीदेखील पाळलं नसेल.

चंपाषष्ठीला जायचं की नाही, हे ठरवायला सई सकाळभर फोनवरचा आकडा बघत राहिली. शेवटी म्हणाली, "गाडीतून जाऊ. काचा वर. तो उतरणार नाही. तू कळसाला हात जोडून ये."

"चालेल."

"आई, काच खाली घ्यायची नाही. शपथ घे."

अंबिकाबाईंनी शपथ घेतली. देवाला नवस आणि लेकीला शपथ, दोन्हींच्या मधोमध बसून त्या साताऱ्याला गेल्या.

देवळापाशी जत्रा ओसंडत होती. आकाश पिवळं. येळकोट येळकोटच्या गजरात मूठमूठ भंडारा, हळदीची पूड, हवेत उधळली जात होती, आणि जिकडंतिकडं तिचे लोट. वर्षानुवर्षं या लोटांत अंबिकाबाईंनी तोंड वर करून, डोळे मिटून, प्रसाद म्हणून श्वास घेतला होता. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, हिचा आकडा किती असेल? तो विचार मनात आल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या गालात मारून घेतली.

श्रीधररावांनी गाडी जमेल तितकी पुढं घातली. अंबिकाबाई उतरल्या, गर्दीत शिरल्या, कळसाला हात जोडले आणि मूठभर भंडारा घेऊन परत आल्या. मागच्या काचेला वरदचं नाक चिकटलेलं होतं. आत तो काहीतरी बोलत होता, ऐकू येत नव्हतं. अंबिकाबाईंनी अंगठा भंडाऱ्यात बुडवला आणि बाहेरून, काचेवर, बरोबर त्याच्या कपाळापुढं लावला. कपाळ आत, टिळा बाहेर. लांबून बघणाऱ्याला तो लागल्यासारखाच दिसत होता.

"देवा मल्हारी," त्या पुटपुटल्या, "एवढंच जमलं. गोड मानून घे."

वरदला त्यांचे ओठ हललेले दिसले. आजी काय म्हणते ते ऐकायचं होतं म्हणून त्यानं, दिल्लीच्या पोराला जे आधी येतं ते, बटण दाबलं.

काच सरसर खाली गेली. टिळा रबराला पुसून नाहीसा झाला. समोर उघडं कपाळ होतं, हातभर अंतरावर, आणि अंबिकाबाईंचा अंगठा अजून पिवळा होता. शपथ काच खाली न घेण्याची होती, आणि काच काही त्यांनी खाली घेतली नव्हती. एवढा विचार त्यांनी केला असं म्हणणं खोटं होईल. हात आपोआप पुढं झाला आणि टिळा लागला.

"आई!" सई ओरडली. श्रीधररावांनी पुढून बटण दाबलं, काच वर गेली, अंबिकाबाई कशाबशा आत बसल्या. तेवढ्यात बाहेर कुणीतरी उधळलेल्या मुठीतला थोडा भंडारा आत आला होता. तो सीटवर, सईच्या केसांवर आणि वरदच्या पापण्यांवर सावकाश उतरत होता.

वरद शिंकला. एकदा. मग डोळे विस्फारून म्हणाला, "आजी, हवा दिसली मला. पिवळी."

सईनं पिशवीतून औषधाचा पंप काढून मुठीत धरला. श्रीधररावांनी गाडी सुरू केली नाही, कारण इंजिनाच्या आवाजात त्याचा श्वास ऐकू आला नसता. बाहेर ढोल वाजत होता, गजर चालला होता. आत तिघं मोठी माणसं त्या लहानशा छातीकडे डोळे लावून बसली होती. ती वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती. अंबिकाबाई नेहमी मनात जप मोजतात. त्या दिवशी त्या फक्त ते वर-खाली मोजत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी छाती खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत त्यांना देव आठवत नव्हता.